निकाल आणि मृग यांच्यामधले दिवस

२०२४ चा लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. मृग लागतो ७-८ जूनला, आणि जूनच्या मध्याला नागपुरात पाऊस येतो. म्हणजे गुलाल उधळला त्या संध्याकाळपासून लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीच्या, नाल्या तुंबायच्या आत जेमतेम दहा-बारा दिवस हातात होते. निवडणुकीमुळे वस्तीत अबोला आला असेल, तर तो सोडवायला माझ्या मते हेच दिवस सगळ्यात उपयोगाचे. सगळ्यांच्या दारापुढे तेव्हा एकच काम पडलेलं असतं आणि त्या कामाची मुदत आकाशाने ठरवून दिलेली असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या लोकांनी त्या रात्री कोणाच्या गच्चीवर आसरा घेतला, हे आठवून पाहावं.

आधी काम, मग बोलणं. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. निकालानंतरच्या आठवड्यातच ‘चला, बसून बोलू’ म्हणून सभा बोलावली, तर येणारे आपापले आकडे घेऊन येतात. दहा मिनिटांत आवाज चढतात आणि जे कुंपणावर होते तेही एका बाजूला जाऊन बसतात. दोन रविवार एकत्र घमेलं उचललेली माणसं तिसऱ्या आठवड्यात बसली, तर तीच माणसं वेगळी बोलतात.

कामाला लागण्यापूर्वी एक हिशेब वहीत मांडून घ्यावा. नागपूर मतदारसंघात २०२४ ला सुमारे ५४ टक्के मतदान झालं. नितीन गडकरींना ६,५५,०२७ मतं, विकास ठाकरेंना ५,१७,४२४, फरक १,३७,६०३. हेच आकडे मतदारयादीवर पसरले तर दर १०० नावांमागे साधारण २९ जणांचं मत विजयी उमेदवाराला, २३ जणांचं दुसऱ्याला, दोघांचं बाकीच्यांना किंवा नोटाला, आणि ४६ जणांचं मत पडलेलंच नाही. त्या ४६ मध्ये बाहेरगावी असलेले आहेत, उन्हाला कंटाळलेले आहेत. यादीत नावच न सापडल्याने बूथवरून परत आलेले तर या हिशेबाच्याही बाहेर राहिले. ‘आपला लेआउट त्यांचा आहे’ किंवा ‘सगळा लेआउट आपला आहे’, दोन्ही वाक्यं या हिशेबापुढे टिकत नाहीत. आणि वाडी-हिंगण्याकडे राहणारा भाऊ तर वेगळ्याच मतदारसंघात मतदान करतो. हिंगणा आणि कामठी रामटेकमध्ये येतात, तिथे काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे निवडून आले. एकाच घरातले दोघे एकाच संध्याकाळी एक जिंकलेला, एक हरलेला, असं नागपुरात खूप ठिकाणी झालं.

या हिशेबाचा दुसरा उपयोग फॉर्म २० वाचताना होतो. निकालानंतर प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली, हे त्या तक्त्यात येतं. मोबाइलवर तो फिरू लागला की लोक गल्लीवर बोट ठेवतात. पण हजार नावांच्या बूथवर साडेपाचशे मतं पडली आणि ३०० विरुद्ध २२० असा कौल आला, तर त्याला ‘त्यांचा बूथ’ म्हणणाऱ्याने त्या २२० मतदारांकडे आणि न गेलेल्या साडेचारशे नावांकडे पाठ फिरवलेली असते. हा तक्ता कामाच्या गटात टाकूच नये. उमेदवाराच्या कार्यकर्त्याला तो पुढच्या प्रचारासाठी लागतो. शेजाऱ्याला त्यातून संशयाखेरीज काही मिळत नाही.

पहिले चार-पाच दिवस

या दिवसांत सभा नको, समजावणं नको. फक्त जिंकलेल्या बाजूच्या माणसाने आधी दार ठोठवायचं. हरलेला आधी आला तर ते शरण येण्यासारखं दिसतं आणि त्याच्या घरच्यांनाही ते टोचतं. जिंकलेला आला तर ते शेजारधर्मात बसतं. जाताना पेढे नेऊ नयेत. त्या आठवड्यातला पेढा निकालाचाच असतो. कारण साधं घेऊन जावं: ‘काकाजी, पुढच्या रविवारी नाली काढायची म्हणतो. तुमच्या घराच्या कोपऱ्यावर पाणी तुंबते, तुम्ही सांगा कुठून सुरू करायचं.’ माहिती मागायला गेलेला माणूस दारातून परत पाठवला जात नाही. आणि पाणी कुठे थांबतं हे त्या घराइतकं कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे हा प्रश्न खोटाही नसतो.

फटाके कोणाच्या दारासमोर लागले, डीजे कुठे थांबवला, याचा राग पोटात असतो. तो निघाला तर ऐकून घ्यावा, सफाई देऊ नये. ‘ते आमचे नव्हते, बाहेरची पोरं होती’ हे खरं असलं तरी त्या दिवशी बोलू नये. ‘तुमच्या दारात व्हायला नको होतं’ एवढं वाक्य पुरतं.

अभिवादनाचं एक पथ्य नागपुरात फार महत्त्वाचं आहे. इथे एकाच गल्लीत राम राम, जय भीम, सलाम आणि नमस्कार चालतात. समोरच्याने जे म्हटलं तेच उलट म्हणायचं. जय भीमला जय भीम, राम रामला राम राम. निवडणुकीच्या महिन्यात अभिवादनांचीही निशाणं होतात आणि माणसं मुद्दाम आपलंच अभिवादन परत फेकतात. समोरचा ते लगेच ओळखतो. ज्यांना हे जमतं त्यांची अर्धी अडचण दारातच सुटते.

नालीचा रविवार

रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नऊनंतर ऊन असं चढतं की हौसेने आलेला माणूसही पुन्हा येत नाही. आदल्या शनिवारी संध्याकाळी दोघांनी लेआउटमधून चालत जाऊन नालीचे टप्पे खडूने आखून ठेवायचे. दोनशे फुटांचा एक टप्पा, त्याला आठ माणसं. दोघे फावड्याने गाळ काढणारे, दोघे पंजाने पाचोळा आणि प्लास्टिक ओढणारे, तिघे घमेलं भरून नेणारे, आणि एक सब्बल घेऊन ढापे उचलणारा. फरशीचा ढापा एकट्याने उचलू नये. सब्बल घसरली की बोटं सापडतात, म्हणून तो उचलताना घमेलंवाल्यांपैकी एकाने मदतीला यायचं.

हाताला रबरी मोजे, पायात गमबूट. गमबूट सगळ्यांकडे नसतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना पंजा किंवा घमेलं द्यावं, नालीत उतरवू नये. प्रत्येक टप्प्याला वीस लिटर पाण्याची एक कॅन आणि हात धुवायला वेगळी बादली.

ही आठ माणसं कोण, यात खरी मेख आहे. ‘ज्याला जिथे वाटेल तिथे लागा’ म्हटलं की मित्र मित्रांबरोबर लागतात आणि नालीच्या दोन टोकांना दोन पक्ष तयार होतात. यादी आधी करून ठेवावी आणि गल्ल्या मिसळाव्यात. प्रत्येक टप्प्यावर निदान दोन माणसं अशी हवीत ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. पण ती दोघं एकाच अवजारावर नकोत, आणि एकाने दुसऱ्याला हुकूम द्यायचा अशी रचना तर अजिबात नको. घमेलं पुढे सरकवताना ‘घ्या’ म्हणावंच लागतं. सुरुवातीला तेवढंच पुरे.

आता जे चुकतं ते. काढलेला गाळ नालीच्या काठावरच टाकतात. एक दिवस निथळू द्यायचा असतो हे बरोबर, पण तो उचलायचा कोणी हे ठरलेलं नसतं. मंगळवारी रात्री पहिली सर येते आणि गाळ पुन्हा नालीत. मग ‘त्यांनीच अर्धवट काम केलं’ हे भांडण नव्याने सुरू होतं. गाळ उचलण्यासाठी मनपाच्या झोन कार्यालयाला अर्ज आदल्या आठवड्यातच द्यावा, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा, आणि अर्जावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या असाव्यात. मनपाचे दहा झोन आहेत. आपला लेआउट कोणत्या झोनमध्ये हे घरपट्टीच्या पावतीवर असतं. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, त्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये तक्रार घेऊन जायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. त्या काळात ज्या लेआउटांनी स्वतःच अर्ज लिहायची सवय लावून घेतली, त्यांनी ती सोडू नये. नगरसेवकामार्फत झालेलं काम एका पक्षाचं होतं. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं काम लेआउटचं राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: हे काम पावसाच्या पाण्याच्या उघड्या नालीचं आहे. गडरचं, म्हणजे मैल्याच्या बंद गटाराचं, नाही. गडर चोक असेल तर चेंबरचं झाकण उघडून कोणालाही आत उतरवायचं नाही, पैसे देऊन बोलावलेल्या माणसालाही नाही. आत विषारी वायू साचलेला असतो, वास येत नाही म्हणून तो नसतो असं नाही. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा आहे. गडरसाठी झोनला कळवून यंत्राची गाडीच मागवावी. आणि उघड्या नालीतही ‘ते काम त्यांना जमतं’ म्हणत फावडं एका विशिष्ट समाजाच्या माणसाच्या हातात गेलं, तर तो रविवार झाला नसता तर बरं, इतकं नुकसान होतं. लेआउटमधले डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब यांची नावं फावड्याच्या यादीत सगळ्यात वर लिहावीत. एकत्र येण्याच्या नावाखाली जुनीच उतरंड पुन्हा मांडली गेली तर ज्यांना ती भोगावी लागते ते पुन्हा येणार नाहीत, आणि त्यांनी येऊ नये हेच बरोबर.

काम झाल्यावर तर्री पोहे. पन्नास माणसांना पाच किलो पोहे, दोन किलो काळे चणे रात्रभर भिजवलेले, दोन किलो कांदा. तर्री भांड्यात ओतू नये, ताटलीत पोह्यांवर घालावी, नाहीतर दहा मिनिटांत लगदा होतो. सगळं एकाच घरून आणू नये. चणे एका गल्लीतून, पोहे दुसऱ्या गल्लीतून, शिजवायला दोन्हीकडची माणसं, आणि त्यात पुरुष हवेत. कांदा न खाणाऱ्यांसाठी थोडे पोहे आधीच बाजूला काढून ठेवावेत. कोण कोणाच्या घरचं खातो, हा प्रश्न आजही आहे. तो भाषणाने सुटत नाही. एकाच कढईतून दोन-तीन रविवार खाल्लं की त्याची धार कमी होते.

फलक नको. कोणाच्या फोटोचा फ्लेक्स, कोणाच्या नावाच्या टोप्या, ‘सौजन्य’ लिहिलेल्या पाण्याच्या बाटल्या, काही नको. हौशी माणूस हे सगळं फुकट आणून द्यायला तयार असतो, त्याला आदल्या दिवशीच नम्रपणे सांगावं. श्रेय एकदा एका नावावर गेलं की दुसऱ्या रविवारी माणसं अर्ध्यावर येतात.

मग बैठक

दोन रविवार झाले की बैठक घ्यावी. बारा ते पंधरा माणसं, जास्त नकोत. पन्नास झाली की ती सभा होते आणि सभेत माणूस टाळ्यांसाठी बोलतो. जागा कोणाचं घर नको, विशेषतः ज्याच्या गेटवर प्रचारात झेंडा होता त्याचं. मंदिराचा सभामंडप आणि बुद्ध विहार या दोन्ही चांगल्या जागा आहेत, पण पहिल्या बैठकीला नाही. मनपा शाळेची खोली किंवा समाज भवन मिळालं तर उत्तम. नाहीतर लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर सतरंजी. खुर्च्या लावल्या की पुढची रांग, मागची रांग होते, सतरंजीवर गोल बसता येतं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या द्याव्यात, त्या गोलातच. वेळ संध्याकाळी साडेसात, सव्वा तास, त्यापुढे नाही. प्रमुख पाहुणे, हारतुरे, दीपप्रज्वलन काही नाही.

बोलावणारे दोघे असावेत, वेगवेगळ्या कलाचे, आणि दोघांनी एकत्र घरोघरी जावं. दोघांना एकत्र दारात पाहणं हेच निम्मं आमंत्रण असतं. बायकांना ‘यांना पाठवा’ असा निरोप देऊ नये. त्यांना स्वतंत्र बोलवावं, आणि साडेसातची वेळ स्वयंपाकात अडचणीची असेल तर वेळ बदलावी. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही. नागपुरात दोन्ही बोलणारे एकाच भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकाच भाषेचा हट्ट धरला की चौथा हिस्सा गप्प होतो.

नियम एकच पुरतो. आपलं म्हणणं मांडण्यापूर्वी आधीच्या माणसाचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं. तो ‘हो, हेच म्हटलं मी’ म्हणेपर्यंत आपली पाळी येत नाही. प्रत्येकाला दोन मिनिटं, मोबाइलवर घड्याळ लावून. हे कसं चालतं ते एका नमुन्यात दाखवतो. एक सत्तरीचे काकाजी, एक तिशीतला पोरगा. विषय भाजपच्या प्रचारातल्या ‘चारशे पार’ या घोषणेचा.

‘अरे, चारशे पाहिजेत म्हणे. कशाले पाहिजेत चारशे? मले ते ऐकून झोप नाही लागली.’

‘म्हणजे काकाजी, तुम्ही म्हणून राहिले का चारशे आले तर आरक्षण जाईल, अशी भीती वाटली.’

‘आरक्षण त आहेच. पण मी तेवढंच नाही म्हणून राहिलो. बाबासाहेबांनी आम्हाले माणूस म्हणून कागदावर लिहून दिलं, तो कागदच जाईन असं वाटलं.’

‘म्हणजे गोष्ट नोकरीची नाही, मानाची आहे.’

‘हो. आता बरोबर बोलला.’

‘आता मी सांगू? मी रस्ते पाहिले, मेट्रो पाहिली, अन् त्याच्यासाठी मत दिलं. कोणाचा मान जावा म्हणून नाही दिलं. अन् ग्रुपवर मले अंधभक्त म्हटलं.’

‘म्हणजे तू काम पाहून मत दिलं, अन् आम्ही तुले शिवी दिली.’

‘हो.’

या बोलण्यात कोणीच मत बदललेलं नाही. बदलावं अशी अपेक्षाही ठेवू नये. पण दुसऱ्या प्रयत्नात पोराने नोकरी हा शब्द सोडून मान हा शब्द पकडला, तिथे काकाजींच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. पहिला प्रयत्न जवळजवळ नेहमीच चुकतो, कारण आपण समोरच्याच्या मनात आपल्याला ठाऊक असलेलं कारण भरून मोकळे होतो. म्हणून बैठक चालवणाऱ्याने ‘बरोबर का?’ हा प्रश्न दरवेळी मूळ बोलणाऱ्यालाच विचारावा, बाकीच्यांना नाही.

फसतं कुठे? एखादा माणूस दुसऱ्याचं म्हणणं सांगताना त्यात टोमणा मिसळतो: ‘म्हणजे तुमच्या मते देशात लोकशाहीच उरली नाही, असंच ना?’ तेव्हा लगेच थांबवून पुन्हा सांगायला लावावं. एकदा सोडून दिलं की सगळे तेच करतात. दुसरं, कोणीतरी पक्षाचा पदाधिकारी सहज म्हणून येऊन बसतो. त्याला येऊ द्यावं, पण दोन मिनिटांचं घड्याळ त्यालाही. आणि काही शब्द दारातच ठेवायचे: अंधभक्त, चमचा, गुलाम, देशद्रोही, अर्बन नक्षल, आणि ‘तुमचे लोक’. शेवटचा शब्द सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात खोल जातो.

कोणता वाद कुठे न्यायचा

बैठकीत निघणारे वाद एका जातीचे नसतात. काही वाद कागद पाहून मिटतात, ते बोलून मिटवण्यात वेळ घालवू नये. ‘मशीनमध्ये गडबड झाली’ हा त्यातला मोठा. मतदान संपताना केंद्रावर किती मतं नोंदली गेली याचा फॉर्म १७ सी भरतात आणि त्याची प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. नागपूर लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रं, म्हणजे तीस केंद्रं. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत प्रत्येक क्षेत्रातली पाच टक्के यंत्रं तपासून मागता येतात. निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवस असतात. शंका घेणाऱ्याला ‘हरलात म्हणून बोलता’ असं म्हणण्यापेक्षा त्याला हे टप्पे सांगावेत आणि आपल्या बूथचा प्रतिनिधी कोण होता ते दोघांनी मिळून शोधावं. शंका घेणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि ती तपासण्याची जागाही ठरलेली आहे.

संविधान बदलण्याचा वादही काही अंशी कागदाचाच. अनुच्छेद ३६८ प्रमाणे दुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमतीही लागते. लोकसभेत ५४३ जागा, दोन तृतीयांश म्हणजे ३६२. २०२४ ला भाजपला २४० मिळाल्या, रालोआला २९३. आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यापासून संविधानाची मूलभूत चौकट कितीही बहुमताने मोडता येत नाही. हे सगळं खरं. पण वरच्या काकाजींना हे आकडे ऐकवून गप्प करणं ही चूक आहे. त्यांचा अर्धा वाद आकड्यांचा, अर्धा अनुभवाचा. आकडे सांगून झाल्यावर उरतं ते फक्त ऐकायचं असतं.

आरक्षण असावं की नसावं, देवस्थानावर सरकारी पैसा खर्चावा का, हे मूल्यांचे वाद. ते मिटत नाहीत. त्यांना बैठकीत जागा द्यावी, मतदान घेऊ नये. पंधरा जणांच्या मतदानाने काहीच ठरत नाही, फक्त कोण कुठे बसतो ते पुन्हा एकदा मोजलं जातं.

आणि जिथे धमकी झाली, हात उचलला गेला, जातीवरून शिवीगाळ झाली, घरावर दगड पडला, तिथे ‘एकत्र या’ हा सल्ला कोणी देऊ नये. तिथे पोलीस ठाणं आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. ज्याच्यावर गुदरलं त्याला सतरंजीवर आणून समेट करायला लावणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा एकटं पाडणं. त्याच्या शेजारी उभं राहून तक्रार लिहायला मदत करावी. अशा वेळी शेजारधर्म तो हाच.

हे शहर एवढं मोठं वेगळेपण दरवर्षी एका दिवशी पेलतं, हे विसरू नये. दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो. १९२५ च्या दसऱ्याला संघाची स्थापना इथेच झाली. आणि त्याच दिवशी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर असतो, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्याही वर्षी दसराच होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. दोन्ही जागांमध्ये काही किलोमीटरचंच अंतर. त्या दिवशी वाहतूक वळवली जाते, रस्त्यारस्त्यावर जेवण आणि पाणी वाटलं जातं, बाहेरगावच्या माणसाला पत्ता विचारला तर नागपूरकर तो सांगतो, तू कोणत्या गर्दीतला हे न विचारता. ज्या शहराला हे जमतं, त्या शहरातल्या शंभर घरांच्या लेआउटला एक नाली जमू नये असं काही नाही.

मोबाइलवरचा गट

‘ग्रुपवर राजकारण बंद’ हा नियम बहुतेक ठिकाणी होतो आणि बहुतेक ठिकाणी मोडतो. कारण तो लावणारा अॅडमिन एका कलाचा असतो. दुसऱ्या बाजूचा लेख हटवला जातो, आपल्या बाजूचं सुप्रभात, मागे कमळ किंवा पंजा असलेलं, तसंच राहतं. हे मुद्दाम होतं असं नाही, आपल्याला आपलं राजकारण राजकारण वाटतच नाही.

उपाय सोपा आहे. कामाचा गट वेगळा करावा आणि सेटिंगमध्ये फक्त अॅडमिनलाच संदेश पाठवता येईल असं ठेवावं. अॅडमिन तीन, वेगवेगळ्या गल्ल्यांतले आणि कलांचे. तिथे पाणी, वीज, गडर, कचरागाडी, बैठकीची तारीख एवढंच. गप्पांचा जुना गट तसाच राहू द्यावा. तिथे नियम एक: दोन बाणांची खूण असलेलं, म्हणजे अनेकदा पुढे पाठवलेलं, काही टाकायचं नाही. स्वतः लिहिलेलं मत चालेल. स्वतः टाइप करायचं म्हटलं की माणूस बरंच काही लिहायचं टाळतो, आणि जे लिहितो त्याची जबाबदारी घेतो.

४ जूनच्या रात्री जे गटातून बाहेर पडले त्यांना गुपचूप परत जोडू नये, लिंकही पाठवू नये. फोन करावा, जमलं तर जावं, आणि ‘कामाच्या गटात घेऊ का?’ असं विचारावं. नाही म्हणाले तर नाली काढायचा निरोप त्यांना फोनवर द्यावा. गटात नसणं म्हणजे लेआउटमध्ये नसणं नव्हे.

पावसाळा सरल्यावर

नालीचं काम संपतं, तेव्हा दुसरं हाती घ्यावं, नाहीतर बैठक सुकते. मतदारयादी हे सगळ्यात योग्य. ज्यांची नावं सापडली नाहीत ते दोन्ही बाजूंचे होते. नवीन नावासाठी फॉर्म ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी फॉर्म ७, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी फॉर्म ८. १८ वर्षं पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. यादी घेऊन दोघादोघांनी घरोघरी फिरावं, पुन्हा वेगवेगळ्या कलाच्या जोड्या. फॉर्म ७ एकट्याने भरून देऊ नये. दुसऱ्या बाजूच्या माणसाचं नाव कोणी काढलं हा संशय लेआउटला वर्षभर पुरतो. मयत किंवा स्थलांतरित नाव असेल तर त्या घरच्यांनीच तो भरावा.

पुढची निवडणूक फार लांब नसते. २०२४ ला लोकसभेत विदर्भातल्या १० जागांपैकी ७ महाविकास आघाडीला मिळाल्या, आणि नोव्हेंबरच्या विधानसभेत राज्यात महायुतीच्या २८८ पैकी २३० च्या घरात जागा आल्या. जूनमधले गुलालवाले नोव्हेंबरमध्ये दार लावून बसले होते, आणि उलटही. म्हणून प्रचार सुरू होण्याआधीच, सप्टेंबरच्या बैठकीत, तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मिरवणूक कोणाच्या दारासमोर थांबवायची नाही, फटाके किती वाजेपर्यंत, आणि निकालानंतर पहिलं दार कोण ठोठवणार. निकाल कोणाचा लागेल हे माहीत नसताना हे ठरवणं सोपं जातं, लागल्यावर कोणी सही करत नाही.

फावडी, पंजे, सब्बल आणि घमेली एकाच घरी ठेवू नयेत. दर पावसाळ्यानंतर ती दुसऱ्या गल्लीत हलवावीत. वहीत नोंद करावी: किती, कोणाकडे, कोणत्या तारखेला दिली. लाकडी दांड्यांना उधई लागते, म्हणून ती जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगावीत आणि फावड्याच्या पात्याला ठेवताना तेलाचा हात फिरवावा.